मशीनला आवतण

झेरॉक्स मशीन पहिल्यांदा फुरफुरलं तेव्हा खेमराजला वाटलं, रांगेतल्या कोणाला तरी शिंक आली. मागे न पाहताच "पाणी प्या जी, माठ तिकडं हाये," असं सांगून त्याने पुढचा सातबारा काचेवर पालथा घातला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पुन्हा तेच. आधी 'टक', मग 'टक टक', आणि मग लांबलचक 'फर्रर्रर्र'. या वेळी रांगेतली सगळी तोंडं मिटलेली होती आणि सगळे डोळे मशीनकडे होते.

लाखनीत महामार्गाला लागून असलेल्या हिरवळ कृषी सहकारी संस्थेत ते धान नोंदणीचे दिवस होते. धान विकायचं तर नाव नोंदवा, आणि नाव नोंदवायचं तर सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स द्या. त्या दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांना नसेल एवढा मान त्या मशीनला असे, आणि ते चालवणाऱ्या खेमराज शिपायालाही त्यातला घसघशीत वाटा मिळे. एरवी "ए खेमराज" म्हणणारे लोक नोंदणीच्या दिवसांत "खेमराजभाऊ, तब्येत बरी हाये ना?" असं विचारत.

मशीन येण्याआधी हीच कामं खेमराज सायकलवर करत असे. कागदांचा गठ्ठा सदऱ्याच्या आत पोटाशी धरायचा, ट्रकांची रांग चुकवत महामार्ग ओलांडायचा, पलीकडच्या दुकानात तिष्ठत उभं राहायचं आणि परत यायचं. एखादा कागद राहिला की पुन्हा सायकल. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. दोन वर्षांपूर्वी मशीन आलं, सायकल भिंतीला टेकली, आणि नोकरीत पहिल्यांदाच खेमराजला दिवसभर सावलीत बसायचं काम मिळालं. तो रोज सकाळी मशीन फडक्याने पुसे आणि संध्याकाळी त्यावर चादर घाली. अशा मशीनच्या पोटातून आता भलता आवाज येत होता.

"थांबा काका, आवाज रेकॉर्ड करू द्या," असं म्हणत लिपिक भूषण मोबाइल घेऊन धावला. जगातल्या प्रत्येक बिघाडाचा व्हिडिओ कोणीतरी कुठंतरी टाकलेला असतो, यावर भूषणची श्रद्धा होती. थोड्याच वेळात त्याने एक शोधून काढलाही. "हे पाहा. हा म्हणून राहिला का रोलर घासला, म्हून असा आवाज येते."

खेमराजने कान लावला. "त्याची मशीन त 'किच किच' करून राहिली. आपली फरफरते."

"त्याची दिल्लीची हाये काका. इकडं जरा फरक पडनच."

रांगेतल्या निर्मलाबाईला हे पटलं नाही. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि मशीनला चारी बाजूंनी न्याहाळलं. "पोट फुगलं तिचं. आमची गाय अशीच करते. वारं धरलं असन. थोडा हिंग द्या कोमट पाण्यात."

हिंगाचा विषय वाढण्याआधीच अध्यक्ष धनीरामजी आले. धनीरामजींची राइस मिल होती, आणि जगात जे काही वाजतं ते बेरिंगमुळेच वाजतं, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. डॉक्टरने गुडघ्यात वंगण कमी झाल्याचं सांगितल्यावर तर त्यांना देवच भेटल्यासारखं झालं होतं. त्यांनी मशीनच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटले.

"चालव."

खेमराजने चालवलं. फर्रर्रर्र.

"बेरिंग," धनीरामजी म्हणाले. "खोल."

पुढचं दार उघडलं, आणि दार उघडताच मशीन बंद पडलं. आवाजही बंद. दार लावलं की आवाज सुरू, उघडलं की बंद. वैद्य दारात आला की पोरगं रडायचं थांबतं, तसा हा प्रकार होता. पाच-सात वेळा उघडझाक केल्यावर धनीरामजींच्या गालावर काळी भुकटी लागली आणि निदान बदललं. "जमीन खालीवर हाये. मशीन डुलते, म्हून बेरिंगवर जोर येते. मागं भिंतीले टेकवा, पुढून लाकडाचा ठोकळा द्या."

चौघांनी मशीन मागे ढकलून भिंतीला भिडवलं आणि ठोकळा दिला. खेमराजने बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. आवाज नाही. धनीरामजींनी सगळ्यांकडे असं पाहिलं की भूषणला चहा सांगावाच लागला. चहाचे कप निम्मे झाले असतील नसतील, तोच मशीनने दम घेतल्यासारखं केलं आणि मघापेक्षा दुप्पट जोराने 'फर्रर्रर्र' सुरू केलं.

त्यातच एक नवीन गोष्ट झाली. मशीन पाठीने भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे आतली गरम हवा कोंडली, मशीन तापलं आणि कार्यालयात वास दरवळू लागला.

"तार जळून राहिली," भूषण घाबरून म्हणाला.

धनीरामजींनी नाक वर केलं. "तार नाही बाप्पा. तूप हाये. घरचं, कढवलेलं."

रांगेत चुळबुळ झाली. सकाळपासून उपाशी उभ्या राहिलेल्या माणसांना तुपाचा वास आला, आणि नोंदणी सोडून कोण जेवून राहिलं याची चौकशी सुरू झाली. भूषणने आपला डबा उघडून दाखवला, त्यात भेंडी होती. निर्मलाबाई म्हणाली, "मी त म्हणूनच राहिली होती, पोटातलं हाये."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं खेमराजच्या मनात त्या क्षणी लख्ख उजाडलं. कारण ते तूप त्याचं होतं.

त्याचं असं झालं होतं. खेमराजकडे ढवऱ्या आणि बांड्या अशी बैलजोडी होती. भावाने ट्रॅक्टर घेतला आणि ती जोडी अड्याळच्या साळ्याकडे गेली. बैल तिकडे सुखात होते, दुःख इकडे गोठ्याला होतं. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी कौशल्याबाईने सवयीने तूप कढवलं, त्यात हळद घातली आणि वाटी नवऱ्याच्या हाती दिली. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा रगडला जातो, म्हणून त्या संध्याकाळी पळसाच्या पानाने कोमट तूपहळद चोळून खांदा शेकायचा, आणि त्याला हात जोडून म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' वाटी हातात आल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की शेकायला खांदा नाही.

वाटी घेऊन खेमराज ओसरीत बराच वेळ बसला. वर्षभर आपल्यासाठी कोण राबलं, असा विचार करताना त्याला मशीन आठवलं. झाकण उचल, झाकण पाड, दिवसभर सगळा भार मागच्या दोन बिजागऱ्यांवर. खांदेच की ते. कार्यालयाची किल्ली त्याच्याकडे होतीच. वाटेत पळसाची पानं तोडली, दार उघडलं आणि मशीनच्या दोन्ही बिजागऱ्या त्याने मनापासून शेकल्या. वर हात जोडून आवतणही दिलं. इतकं बरं त्याला फार दिवसांनी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी होती, आणि पुढे गणपतीच्या गडबडीत तो हे सारं विसरूनही गेला.

आता ते तूप बोलू लागलं होतं.

"ही मशीन गेली," धनीरामजींनी निकाल दिला. "नवीन घेणं काही परवडत नाही. हिले काढून टाका. रस्त्यापलीकडं माह्या साळ्याचं झेरॉक्सचं दुकान हाये, खेमराज पयलेसारखा सायकलनं जाईन. काय रे?"

खेमराजला समोर सायकल दिसली, महामार्ग दिसला, आणि आपले दोन्ही गुडघे दिसले.

एवढ्यात सचिव दामिनी मॅडम आपल्या केबिनमधून बाहेर आल्या. मॅडम मोजकं बोलत. त्यांच्या चष्म्यावरून आलेली एक नजर भल्याभल्यांना नियम आठवायला लावत असे. "भंडाऱ्याहून कैलाशला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "उद्या येईल. तो उघडून पाहील आणि सांगेल. तोवर कोणी मशीनला हात लावायचा नाही."

उघडून पाहील, एवढेच शब्द खेमराजच्या कानात राहिले.

संध्याकाळी त्याने सगळं कौशल्याबाईच्या कानावर घातलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आवतण देलं होतं का?"

"देलं होतं."

"मंग जेवाले काय घातलं?"

खेमराज डोकं खाजवू लागला.

"घ्या," कौशल्याबाई म्हणाली. "घरी बोलावलं अन् जेवाले घातलं नाही. माणूस असता त गावभर बोंबलला असता. ते बिचारं नुसतं फरफरून राहिलं."

"मशीन हाये ते."

"खांदा शेकाच्या वक्ती नव्हती का मशीन?"

पहाटे उठून कौशल्याबाईने पुरण शिजवलं, आणि कार्यालय उघडायच्या आधीच खेमराज डबा घेऊन मशीनसमोर हजर झाला. त्याने चादर काढली, पळसाच्या पानावर पोळी ठेवली, तूप सोडलं आणि हात जोडले. "उशीर झाला, माफ करजा," तो मशीनला म्हणाला. "आज कैलाशसमोर गप्प राहा बाप्पा. मले पुन्हा सायकलवर नोको पाठवू."

तेवढ्यात दाराबाहेर चपला वाजल्या. दामिनी मॅडम कधी नव्हे त्या लवकर आल्या होत्या. खेमराजने पान खिशात कोंबलं आणि पोळी कुठं ठेवावी ते न सुचून हाताला लागला तो मशीनचा खालचा खण ओढला. पोळी आत टाकून त्याने खण लोटून दिला. तो खण कोऱ्या कागदांचा होता.

"लवकर आलात," मॅडम म्हणाल्या.

"पुसून राहिलो होतो जी."

मॅडमनी जरासा वास घेतला, खेमराजकडे पाहिलं आणि त्या केबिनमध्ये गेल्या.

कैलाश आला तेव्हा कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. रांग होती, भूषण होता, धनीरामजी तर मिल बंद ठेवून आले होते. कैलाशने पाठीवरची पिशवी उतरवली, मशीन भिंतीपासून ओढलं आणि झाकण वर केलं. बिजागरीला बोट लावून ते उजेडात धरलं. बोट पिवळं झालं होतं.

"इथं काय लावलं?"

कैलाशने बोट हुंगलं आणि तो आणखीच गोंधळला. मग कागद पाहावेत म्हणून त्याने खालचा खण ओढला, आणि तिथंच थबकला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्याकडं यात नेहमी पोळीच ठेवता का?"

सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली. कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पुरणपोळी पसरलेली होती आणि तुपाने वरचे कागद पारदर्शक झाले होते. निर्मलाबाईने पदर तोंडाला लावला. खेमराजने छताकडे पाहिलं. छतानेही त्याला मदत केली नाही.

कैलाश बिचारा कामाचा माणूस. त्याने पोळी काढून टेबलावर ठेवली, मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं आणि बॅटरी मारली. मशीन थंड ठेवायला आत एक छोटा पंखा असतो. त्याच्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती, आणि त्या फटीतून आत गेलेलं काहीतरी पात्यांना लागत होतं. कैलाशने चिमटा घातला आणि वाळून कुरकुरीत झालेलं, काठाला हळद लागलेलं पळसाचं पान बाहेर काढलं.

"हे घ्या. वल्लं होतं तोवर चूप बसलं असन. वाळलं, अन् वाजाले लागलं." त्याने झाकण बसवलं आणि बटण दाबलं. मशीनमधून झेरॉक्स अलगद बाहेर आली. कसला म्हणून आवाज नाही.

"मी म्हणलो नव्हतो का," धनीरामजी म्हणाले, "पंख्याच्या बेरिंगजवळच होतं." मग ते पान, ती हळद आणि ती पोळी यांचा हिशेब त्यांच्या ध्यानात आला आणि ते खेमराजकडे वळले. "काहून रे, तू मशीनची खांदशेकणी केली?"

"हो जी," खेमराज म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की तो त्याचा त्यालाच नवीन वाटला. "बैल गेले. हात रिकामे होते. अन् हिनंच त मले रस्त्यावरून सावलीत आणलं."

कोणी हसलं नाही. रांगेतल्या अर्ध्या लोकांचे बैल गेलेले होते.

"ते ठीक हाये," धनीरामजी खाकरून म्हणाले, "पण अशा माणसाच्या हाती मशीन ठेवता येत नाही. उद्या दिवाळीले तो हिले उटणं लावन. मॅडम, याले बाहेरचंच काम द्या."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. "खेमराजभाऊ, आत या," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या."

खेमराज आत गेला आणि टेबलासमोर उभा राहिला. आता सायकलच्या चाकात हवा भरून घ्यावी लागेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

"मशीनचे उपकार मानले तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"चुकलो जी."

"उपकार मानले ते चुकलं नाही. पण मशीन इथं आपल्या पायानं चालत आली होती का?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचे उघडे डोळे खेमराजने पहिल्यांदाच पाहिले. "एका दिवशी मी बसमधून येऊन राहिली होती. पाऊस होता. तुमी कागद पोटाशी धरून दोन ट्रकांच्या मधात उभे होते. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तवा मी डोळे मिटून घेतले. त्याच दिवशी मी मशीनची मागणी लावली. अध्यक्ष नाहीच म्हणत होते. दर बैठकीत भांडली मी त्याइच्यासंगं." त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला. "मशीनचा खांदा शेकला तुमी. आवतण देलं, पोळी देली. मले त कोणी चहा नाही विचारला."

दोन वर्षं तो ज्या फडक्याने मशीन पुसत होता, त्याच फडक्याने या बाईंचं टेबल पुसत होता, आणि मशीन त्यांनीच आणलं हे त्याला माहीत नव्हतं. आभार मानायचे तर ते कसे मानतात, हे त्याच्या जिभेला एकाच तऱ्हेने ठाऊक होतं. त्याने हात जोडले आणि ते शब्द आपोआप बाहेर पडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे बैलाला म्हणतात. मॅडमही लाखनीकडच्याच, शेतकऱ्याच्याच लेक होत्या. त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, टेबलावरचे कागद सारखे केले, आणि मग त्यांना हसू आवरेना. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

दार जाड नव्हतं. खेमराज बाहेर आला तेव्हा भूषण वाट अडवून उभा होता. "मशीन चालवाले शिकवली कोणी काका?" पलीकडून धनीरामजी म्हणाले, "भांडलो असन, पण शेवटी सही मीच केली होती ना?" बाहेरच्या कामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कैलाश पिशवी पाठीला अडकवताना म्हणाला, "उद्या माझी साकोलीकडं फेरीच हाये, लाखनी वाटेतच लागते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेमराजच्या ओसरीत चार पाट मांडले गेले. मॅडम पाटावर मांडी घालून बसल्या आणि कौशल्याबाईने न विचारता त्यांच्या पोळीवर तुपाची धार सोडली. मशीन खरं कोणी आणलं ते कळल्यापासून कौशल्याबाईला त्यांच्या ताटात काय वाढू आणि काय नको असं झालं होतं. "रोज संध्याकाळी यांचा रस्ता पाहत बसे मी," ती म्हणाली. "दोन सालं झाले, नाही पाहत. खा माय." मॅडम मान खाली घालून खात राहिल्या. भूषणने शेवटी पोटावर हात ठेवला, धनीरामजी गुडघा धरून उठले, कैलाशने घरच्यांसाठी डबा भरून घेतला, आणि सगळे तृप्त होऊन गेले.

मागची आवराआवर करून कौशल्याबाई चुलीजवळ एकटीच ताट घेऊन बसू लागली. खेमराज दारात उभा राहून पाहत होता. ही बाई पहाटेपासून उभी होती. कालच्या पहाटेपासून. खरं तर लग्न झाल्यापासून. पोळ्याला तूपही हिनंच कढवलं होतं. त्याने पुढे होऊन तिच्या हातातलं ताट घेतलं, पाट मांडला, तिला बसवलं, पोळी वाढली आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

कौशल्याबाईने ताटाकडे पाहिलं. मग जोडलेल्या हातांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"आता काय मोडून आले जी?" ती म्हणाली.